गावच्या माणसांचा इतिहास कसा लिहावा: विदर्भातील खेड्यांसाठी सविस्तर कार्यपद्धती

वर्धा नदीच्या पूर्वेकडील काठाजवळ, आर्वी तालुक्यातील आमच्या गावात, दगडी बांधणीची एक जुनी विहीर आहे. तिच्या काठावर बसवलेल्या दगडावर त्या काळच्या मालगुजाराचे, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालकाचे, नाव कोरलेले आहे आणि गावाविषयी आजवर जे काही थोडेफार लिहिले गेले, त्यात ‘ही विहीर मालगुजारांनी बांधली’ हे वाक्य हटकून येते. गावातील माणसांचे जीवन लिहून काढण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा माझ्याही पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर हेच वाक्य होते. पुढील सात वर्षांत ज्या रीतीने काम करीत गेलो, ती रीत इतर गावांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि शिकलेल्या मुलामुलींना वापरता यावी, म्हणून ती येथे क्रमाने मांडत आहे.

या कामाला आपल्याच मातीत आधार आहे. नदीपलीकडे मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. ज्याने पाहिले, त्याच्याकडे जायचे, त्याच्या तोंडून ऐकायचे आणि मग लिहायचे, ही त्यांची पद्धत होती. आपल्याला तेच करायचे आहे. फरक इतकाच, की आपल्या हाती मोबाइल आहे आणि तहसिलीत जुनी दप्तरे आहेत.

आधी माणसे, मग कागद

बहुतेक जण सुरुवात कागदांपासून करतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की हा क्रम उलटा हवा. तहसिलीतील दप्तर आणखी दहा वर्षे तेथेच राहील, परंतु पंच्याऐंशी वर्षांची सुईण पुढील पावसाळा पाहील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या गावात पन्नास वर्षे बाळंतपणे केलेली एक आजी होती. तिच्याकडे ‘पुढच्या महिन्यात निवांत बसू’ असे म्हणत मी दोन वेळा जाण्याचे टाळले आणि तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा तिच्या तेराव्याची पंगत बसलेली होती. गावातील निम्म्या माणसांच्या जन्माची वेळ तिला ठाऊक होती. त्यातील एकही आता कोणाला सांगता येणार नाही. ही चूक माझी आहे आणि ती कोणी पुन्हा करू नये.

म्हणून पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीकडून मतदार यादी घ्यावी आणि वयानुसार पंच्याहत्तरीच्या पुढील सर्व नावे वेगळी काढावीत. यादीतील वय दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे असू शकते, पण क्रम लावण्यास ते पुरेसे असते. त्यानंतर त्या नावांपुढे प्रत्येकाचा मोहल्ला आणि कामधंदा लिहावा. असे केले, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: आपण ज्यांच्याकडे आपोआप गेलो असतो, ती सर्व माणसे गावाच्या मध्यभागातील, वाड्यांतील आणि स्वतःचे वावर, म्हणजे शेत, असलेली असतात. सालदार (वर्षाच्या करारावर राबणारा गडी), ढोरकी (गुराखी), वाढई (सुतार), लोहार, वरठी (परीट), कोतवाल, बौद्ध वस्तीतील मजूर, गोंड मोहल्ल्यातील मोहाची फुले वेचणाऱ्या बाया, जिनात कापसाच्या गाठी उचललेले हमाल ही नावे यादीत तळाशी राहतात. मुलाखतींचा क्रम वयाने लावावा आणि वय सारखे असेल तर ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्याकडे आधी जावे. जमीनवाल्याचे नाव सातबाऱ्यावर, फेरफारात, कर्जाच्या कागदात कुठे ना कुठे राहिलेले असते. भूमिहीनाचा मुख्य कागद म्हणजे तो स्वतः.

या यादीत दोन प्रकारची माणसे जाणीवपूर्वक घालावी लागतात. एक म्हणजे गाव सोडून पुलगाव, हिंगणघाट किंवा नागपूरच्या कापड गिरण्यांत गेलेली कुटुंबे. दुसरी म्हणजे लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या लेकी. लेकींची साक्ष मला सर्वांत मोलाची वाटत आली आहे, कारण त्यांच्या मनातील गाव लग्नाच्या वर्षी थांबलेले असते. गावातच राहिलेल्या माणसाच्या आठवणीत साठ वर्षांचे थर एकमेकांत मिसळतात. लेकीने सांगितलेली पिंपळाखालची चावडी मात्र नक्कीच तिच्या लग्नाआधीची असते.

मुलाखतीची वेळ आणि जागा

विदर्भात हे काम शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणेच चालवावे लागते. मृग लागला की पेरणी, मग निंदण-डवरण, दिवाळीपासून कापूस वेचणी, पुढे गहू-हरभऱ्याची सोंगणी. या काळात माणूस घरी सापडत नाही आणि सापडला तरी त्याचे मन वावरात असते. होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने चांगले. परंतु त्यातही एक अडचण आहे. वैशाखात दुपारी घरोघर कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज पूर्णपणे बुडतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वृद्ध माणसाला कूलर बंद करायला सांगणे योग्य नाही. म्हणून सकाळी सात ते नऊ या वेळेत, सपरीत किंवा अंगणातील झाडाखाली बसावे, मोबाइल विमान मोडवर टाकून सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवावा. दुपट्ट्यामुळे बाजेची करकर ध्वनिमुद्रणात येत नाही.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, सांगणाऱ्याचे नाव आणि उपस्थित माणसांची नावे बोलून घ्यावीत. ‘हे मी लिहून ठेवणार आहे, चालेल का?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तरही ध्वनिमुद्रणातच असावे. एका बैठकीत एक तासाहून अधिक बसू नये. बाईची मुलाखत घेताना शक्यतो गावातील एखादी शिकलेली सून किंवा मुलगी सोबत असावी आणि घरातील पुरुष मंडळी बाजूला असावीत, कारण नवरा किंवा मुलगा जवळ बसला, की ‘तुले काय माहीत, मी सांगतो’ असे म्हणून तोच बोलू लागतो.

साल विचारू नये, साल काढावे

‘तुमचा जन्म कधीचा?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आधार कार्डावर एक जानेवारी असते, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक जुलै असते आणि या दोन्ही तारखा कोणीतरी सोयीसाठी लिहिलेल्या असतात. वय काढायचे ते घटनांवरून. त्यासाठी मी एका जाड पुठ्ठ्यावर घटनांची पट्टी तयार केली आहे आणि प्रत्येक मुलाखतीला ती सोबत नेतो.

या पट्टीवर सर्वांत वर आहे १९१८ सालची मानमोडी. इन्फ्लुएन्झाची ती साथ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अतिशय भयंकर होती, आणि ‘माही आजी मानमोडीत गेली’ हे वाक्य आजही घरोघर ऐकू येते. त्याखाली १९३० सालचा जंगल सत्याग्रह, ज्याची पुसद येथील सुरुवात लोकनायक बापूजी अणे यांनी केली. त्याच साली अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला. मग १९३६, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले ते साल. १६ ऑगस्ट १९४२, ‘भारत छोडो’ लढ्यातील आष्टी आणि चिमूरचे उठाव. १९४८, गांधीजींची हत्या. पैनगंगेकडील गावांसाठी त्याच वर्षी निजामाच्या रझाकारांच्या भीतीने झालेली पळापळ. १९५१, मालगुजारी गेली. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा, जी बौद्ध वस्तीत काळ मोजण्याची सर्वांत पक्की खूण आहे. १९५७, नवे पैसे. १९७२, दुष्काळ आणि लाल मिलो, म्हणजे तेव्हा खावी लागलेली परदेशी ज्वारी. ३० जुलै १९९१, मोवाडचा पूर.

ही पट्टी कशी वापरायची, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका आजीला लग्नाचे साल ठाऊक नव्हते. मी दुष्काळाबद्दल विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मिलो खाल्ला ना बाप्पा. तवा माही मोठी पोरगी रांगत होती. थ्या मिलोची भाकर तिले पचे नाही.’ मग विचारले, की मोठ्या पोरीच्या आधी काही? थोडा वेळ ती गप्प राहिली. ‘दोन गेले. एक पोरगा, एक पोरगी.’ तिच्या सुनेलाही हे माहीत नव्हते. मोठी मुलगी १९७१-७२ ची, त्याआधी दोन बाळंतपणे, म्हणजे लग्न १९६५-६६ च्या सुमाराचे. ‘लग्नात नवे पैसे होते की आणे?’ असे विचारल्यावर तिने ‘नवे पैसे होते, पन लोक आणेच म्हणत’ असे सांगितले आणि हिशेब जुळला. मात्र वहीत मी ‘लग्न १९६५’ असे लिहिले नाही; ‘लग्न अंदाजे १९६५-६६, मिलोच्या वर्षी मोठी मुलगी रांगत होती यावरून’ असे लिहिले. अंदाज कशावरून केला, हे प्रत्येक वेळी लिहिलेच पाहिजे, कारण उद्या कोणाला पक्का कागद सापडला तर त्याला आपली चूक दुरुस्त करता आली पाहिजे. त्या दोन लेकरांचा उल्लेख ठेवायचा की नाही, हे मी तिला पुढील भेटीत एकांतात विचारले. तिने ठेवायला सांगितले.

वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील बोलणे उतरवताना ते प्रमाण मराठीत सुधारू नये. ‘वावर’चे ‘शेत’ केले, ‘धुरा’चा ‘बांध’ केला आणि ‘पांदण’ची ‘वाट’ केली, की सांगणाऱ्या माणसाचा अर्धा इतिहास पुसला जातो. निवेदन आपल्या भाषेत, अवतरण त्यांच्या भाषेत, असा नियम ठेवावा.

शिवार फेरी

मुलाखती सुरू असतानाच एखाद्या जुन्या सालदाराला सोबत घेऊन पूर्ण शिवार पायी फिरावे. प्रत्येक वावराला, नाल्याला, पांदणीला नाव असते आणि त्या नावात पुष्कळदा माणूस दडलेला असतो. आमच्या शिवारात ‘बुढीचे वावर’ आहे. सातबाऱ्यावर त्याला फक्त गट नंबर आहे. ती बुढी कोण, हे सालदारालाच माहीत होते: ऐन तारुण्यात विधवा झालेली, दिरांनी हिस्सा नाकारल्यावरही स्वतः वखर हाकून ते वावर कसणारी बाई. अशी नावे गावनकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने जागच्या जागी लिहावीत. जवळपास एखादी रिठी, म्हणजे उठून गेलेले गाव असेल, तर तेथेही जावे; रिठीतील कुटुंबे कोणत्या गावांत पांगली, हे शोधले म्हणजे आडनावांचे बरेचसे कोडे सुटते. भामरागडकडे काम करणाऱ्यांनी मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आणि त्यांच्याशी निगडित घराणी यांची नोंद तेथील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच करावी.

कागदांकडे वळताना

कागद शोधण्याआधी आपले गाव कोणत्या अमलाखाली होते, हे समजून घेणे अत्यावश्यक आहे, कारण त्यावर कोणता कागद मिळणार, हे ठरते. वऱ्हाड, म्हणजे आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ, हे निजामाच्या मुलखातून १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात आले आणि तेथे रयतवारी पद्धत होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत बनला, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी पद्धत रुजली. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, तरी दोन्हीकडील जमीनमहसुलाची रीत निराळीच राहिली. वर्धा नदी ही या दोहोंमधील सीमा होती. आमच्या गावच्या लेकी पलीकडे दिल्या जातात आणि पलीकडच्या इकडे येतात, त्यामुळे एकाच कुटुंबाचे अर्धे कागद मालगुजारी पद्धतीचे तर अर्धे रयतवारीचे, असे घडते. १९५६ पर्यंत हा सर्व भाग मध्य प्रदेशात होता, हेही विसरू नये. त्या काळच्या कागदांवर हिंदी मथळे दिसले म्हणून गोंधळून जाऊ नये.

सामान्य माणसासाठी सर्वांत मोठा आधार म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि ती या वहीत नोंदली जाई. आता ही बुके प्रामुख्याने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून, ठरलेली फी भरून नक्कल मिळते. जातीच्या दाखल्यासाठी लोक यातील एका ओळीची नक्कल नेतात. आपण मात्र पूर्ण वर्षाची पाने ओळीने वाचण्याची परवानगी मागावी, कारण खरा इतिहास ओळींच्या लागोपाठ येण्यात असतो. १९१८ च्या पावसाळ्याअखेरची पाने मी वाचली, तेव्हा एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू असणाऱ्या गावात ओळींमागून ओळी ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ अशा भरलेल्या होत्या आणि एका घरातील चार माणसे नऊ दिवसांत गेलेली होती. लिहिणाऱ्याचे अक्षर पानाच्या तळाशी मोठे आणि वाकडे होत गेले होते. पुढच्या पानावर अक्षर दुसऱ्याच माणसाचे होते. त्या दोन पानांपुढे मी बराच वेळ बसून राहिलो.

कोतवाल बुकात जन्मलेल्या मुलाचे नाव बहुधा नसते. ‘अमुक वल्द तमुक यास मुलगी झाली’ एवढेच असते. ‘वल्द’ म्हणजे मुलगा, ‘ज.’ म्हणजे जौजे अर्थात बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. बाईचे नाव या कागदांत तीन वेळा बदलते: जन्मताना ती कोणाची तरी नाव नसलेली मुलगी असते, लग्नानंतर सासरच्या नव्या नावाने कोणाची तरी जौजे होते आणि शेवटी कोणाची तरी बेवा. म्हणून प्रत्येक बाईच्या नोंदीत माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि आईचे नाव, हे चार रकाने सक्तीचे ठेवावेत. हे केले नाही तर वंशावळीत गावाची अर्धी माणसे येतच नाहीत.

इतर कागद थोडक्यात सांगतो. जमिनीसाठी बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाचे दप्तर), अधिकार अभिलेख, पेरेपत्रक (पिकांची नोंद) आणि फेरफार पाहावेत. जंगल, चराई, पाणी आणि स्मशान यांवरील गावाचे हक्क निस्तार पत्रकात असतात, आणि पूर्वेकडील गावांत माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील मामा तलावांच्या नोंदी काळजीपूर्वक पाहाव्यात. त्यातील कित्येक तलाव कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले आहेत. १९५१ च्या जनगणनेवेळी तयार झालेले नागरिकांचे रजिस्टर तुमच्या तहसिलीत शिल्लक असेल, तर ते खजिनाच समजावे, कारण त्यात जमीन असो वा नसो, घरातील प्रत्येक माणूस नावानिशी येतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहताना मुलाने शाळा का सोडली, हा रकाना वाचावा. सालदाराचा वर्षाचा करार गुढीपाडव्याला होत असे. वाड्यांतील जुन्या वह्यांत रोख किती, जोंधळा किती, कपडे किती आणि आगाऊ उचल किती, हे मिळू शकते, आणि मजुराच्या जीवनाचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे मिळत नाही. काही समाजांच्या घरी भाट येऊन वंशावळ वाचत. त्र्यंबकेश्वर-नाशिक आणि प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आपल्या घराण्याच्या सह्या सापडतात.

जुने कागद मोडीत असतील तर वाचकाकडून केवळ सारांश घेऊ नये. ओळीला ओळ लावून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे. शके असेल तर ७८ आणि फसली, म्हणजे महसुली कागदांतील जुने वर्ष, असेल तर ५९० मिळवल्यास इसवी सन येते. वर्ष मध्येच बदलत असल्याने काही महिन्यांसाठी एकाचा फरक पडतो. नागपूर येथील राज्य पुराभिलेख विभागाचे कार्यालय आणि विदर्भ संशोधन मंडळ, तसेच यवतमाळचे शारदाश्रम, या ठिकाणी गावापेक्षा मोठ्या विषयांसाठी जावे. पण तेथे जाताना नेमके कोणते गाव, कोणते साल आणि कोणता प्रश्न, हे कागदावर लिहून न्यावे.

मोठी माणसे कशी लिहावीत

गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला एक मोह होतो, तो म्हणजे प्रसिद्ध माणसाचे संपूर्ण चरित्र पुन्हा लिहून काढण्याचा. ते काम इतरांनी केलेले असते. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, बालपण मामाच्या गावी दापुऱ्याला गुरे राखण्यात गेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले, हे सर्वांना मिळू शकते. आपल्या गावात ते कोणत्या साली आले, कोणती गल्ली त्यांनी झाडली, कीर्तनाला माणसे कोठे बसली, त्या रात्री त्यांनी कोणाच्या घरची भाकर खाल्ली आणि ते गेल्यावर गावात काय बदलले, हे मात्र दुसरे कोणी लिहिणार नाही. तुकडोजी महाराजांचे यावली आणि मोझरी, पंजाबराव देशमुखांचे पापळ, बाबाराव-बापूरावांसारख्या ज्यांची नावे गावाबाहेर कोणी ऐकलीही नाहीत अशा कार्यकर्त्यांची गावे, या सर्वांसाठी हेच मोजमाप लावावे. मोठा माणूस आपल्या शिवारात जेवढा वावरला, तेवढाच लिहावा, पण तेवढा पूर्ण लिहावा.

सरकारी कागद आणि लोकस्मृती यांचा मेळ बसत नाही, असेही पुष्कळदा घडते. बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. इंग्रजी दप्तरात ते बंडखोर आहेत आणि गोंड वस्त्यांत त्यांचे स्मरण वीर म्हणून होते. अशा वेळी एकाला खरे मानून दुसऱ्याला गाळू नये. कागद काय म्हणतो आणि लोक काय सांगतात, हे दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे. आष्टी-चिमूरच्या भागात काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा तुरुंगवासाचा पुरावा ज्यांना देता आला, त्यांची नावे यादीत आली. भाकरी पोहोचवणाऱ्या, भूमिगतांना कोठीत लपवणाऱ्या बायांकडे असा कोणता कागद असणार? त्यांची साक्ष निदान दोन वेगवेगळ्या घरांतून मिळाली, तर ती ‘दोन घरांच्या आठवणीनुसार’ असे नमूद करून निःसंकोच लिहावी.

आणखी एक गोष्ट. ‘नामवंत’ आणि ‘सामान्य’ ही दोन प्रकरणे वेगळी करू नयेत. नागपूर-कामठी रस्त्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी पुढे नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढतात. त्यांना कोणत्या प्रकरणात बसवणार? मी सर्व माणसे जन्माच्या क्रमाने, एकाच यादीत घेतली आहेत. मालगुजाराला आणि त्याच्या ढोरक्याला सारखीच जागा मिळते, म्हणजे प्रत्येकी साधारण तीनशे शब्द.

नोंदपत्र, पडताळा आणि मर्यादा

प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र कागद करावा. त्यावर नावे, टोपणनाव, जन्म-मृत्यू, माहेर-सासर, राहण्याची जागा, काम, मजुरी, जनावरे, प्रवास, आजार, शेवट आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोठून मिळाली, हे लिहावे. तोंडी साक्ष, कागद आणि जागा, या तिघांपैकी दोघांचा मेळ बसला तर ‘निश्चित’. एकाचाच आधार असेल तर ‘अमुक यांच्या सांगण्यानुसार’. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला तारीख, गाव आणि क्रमांक असे नाव द्यावे आणि त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी प्रती कराव्यात. मोबाइल हरवला, असे सांगणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

काय लिहू नये, हेही ठरवावे लागते. जिवंत माणसाविषयीचा मजकूर त्याला वाचून दाखवल्याशिवाय अंतिम करू नये. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याविषयी लिहायचे असेल, तर आधी त्याच्या पत्नीला आणि आईला विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता थांबावे. लिहिलेच तर त्याचे चाळीस वर्षांचे जगणे लिहावे, एका दिवसाचे नव्हे. जुन्या कागदांतील जातिवाचक अपमानास्पद शब्द मूळ नकलेत तसेच राहू द्यावेत, आपल्या लेखनात ते वापरू नयेत. दोन भावांतील जमिनीच्या वादात आपली वही पुरावा म्हणून मागितली जाऊ शकते, म्हणून हद्दीविषयीची तोंडी विधाने छापू नयेत.

गावापुढे वाचन

मजकूर छापण्याआधी तो गावात मोठ्याने वाचावा. छपाईविषयी फार सांगण्यासारखे नाही: तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर अक्षरजुळणी करून शंभर प्रती निघतात, त्यातील एकेक ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा, तालुका वाचनालय आणि विदर्भ संशोधन मंडळाकडे द्यावी. वाचन मात्र घाईने उरकू नये. आम्ही ते उन्हाळ्यात, रात्री आठनंतर, हनुमान मंदिराच्या पारावर सलग सहा रात्री केले. रोज वीस-पंचवीस माणसांची नोंद वाचायची, दुरुस्ती सांगेल त्याचे नाव आणि दुरुस्ती वहीत लिहायची, दुसऱ्या दिवशी ती पडताळायची. बायांनी यावे म्हणून दोन वाचने दुपारी अंगणवाडीत ठेवली आणि सर्वाधिक दुरुस्त्या तेथेच निघाल्या.

त्यातील दुसऱ्या दुपारी मी विहिरीचा परिच्छेद वाचत होतो. ‘ही विहीर मालगुजारांनी बांधली’ या वाक्यावर मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी हात वर न करताच बोलली. ‘बांधली म्हनजे पैसे देल्ले त्याईनं. थे इहीर माह्या सासऱ्यानं खंदली. तो अन् त्याचे दोन भाऊ. तिसरा भाऊ सुरुंगात गेला, त्याचं नाव नाही लिवलं का तुमी?’ मी वही तिच्याजवळ नेली. तिने तिन्ही भावांची नावे सांगितली आणि तिसऱ्याची बायको माहेरी परत कोणत्या गावी गेली, तेही सांगितले. त्या गावच्या म्हाताऱ्यांकडे विचारल्यावर मृत्यूची खात्री झाली आणि पुढे कोतवाल बुकात ओळही सापडली: ‘दगड लागून मयत’. छापलेल्या पुस्तकात आता त्या विहिरीची नोंद तिघा भावांच्या नावांनी सुरू होते, आणि चौथ्या वाक्यात ती बांधण्यासाठी मालगुजारांनी पैसे दिल्याचा उल्लेख आहे.